मूर्तिजापूरला गाडी बदलताना: बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्यांनी एमसीए करावं का?

आमच्या दर्यापूरकडच्या जुन्या माणसांना शकुंतला अजून आठवते. अचलपूर, मूर्तिजापूर, यवतमाळ अशी ती अरुंद रुळांची गाडी. आता बंद आहे. ज्याला पुढे मुंबईला किंवा नागपूरला जायचं, त्याला मूर्तिजापूरला उतरावंच लागे, कारण तिथून पुढचे रूळ रुंद. डबा तोच ठेवून पुढे जायची सोय नव्हती. ट्रंक, बोचकं, पोरगं काखेत घेऊन फलाट बदलायचा आणि दुसऱ्या गाडीत जागा मिळते का बघायचं.

तिशीत आयटीकडे वळणं हे असंच आहे. मी विज्ञानाची पदवी आणि बीएड घेऊन नऊ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं. 'अनुदान येणार आहे' या एका वाक्यावर ती नऊ वर्षं गेली. बत्तिसाव्या वर्षी दूरस्थ पद्धतीनं एमसीए केलं. आता नागपूरच्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. तेव्हापासून दर जून-जुलैत फोन येतात. "ताई, मी बीए आहे, मले आयटीत जाता येते का?" जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून फोनवरचा प्रश्न बदलला: "तिथं तर लोकं काढून राहिले, मग आता शिकू का नको?"

फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

एमसीए म्हणजे नेमकं काय, आणि बाकीची अक्षरं कोणती?

एमसीए म्हणजे संगणक उपयोजनाची पदव्युत्तर पदवी. पूर्वी ती तीन वर्षांची होती. २०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं ती दोन वर्षांची केली. परिषदेला पुढे 'एआयसीटीई' म्हणू, सगळे तेच म्हणतात.

इंजिनिअरिंगची पदवी वेगळी. ती चार वर्षांची, बारावीनंतरची. एमटेक इंजिनिअरांसाठी. एमएस्सी आयटी किंवा संगणकशास्त्र बहुतेक ठिकाणी संगणकाचीच पदवी असलेल्यांना मिळतं. एमसीएम नावाचा एक कोर्स आपल्याकडच्या विद्यापीठांत चालतो, तो संगणक आणि व्यवस्थापन अशी मिसळ आहे. शिवाय एका वर्षाच्या पदविका आहेत. आणि एमएस-सीआयटी? तो संगणक चालवायचा कोर्स. ट्रॅक्टर चालवता येणं आणि ट्रॅक्टरचं इंजिन खोलता येणं यात जेवढं अंतर, तेवढं एमएस-सीआयटी आणि एमसीएमध्ये आहे. हे सांगावं लागतं, कारण "माह्याकडं एमएस-सीआयटी आहे, नव्वद टक्के" असं सांगून नोकरी विचारणारेही भेटतात.

दुसऱ्या शाखेतून येणाऱ्याला खऱ्या अर्थानं रुंद रुळावर नेणारी गाडी एमसीएच. इंजिनिअर नसलेल्या पदवीधरासाठी ती मुद्दाम उघडी ठेवली आहे.

माझ्याकडे बीए आहे. चालेल का?

बीए, बीकॉम, बीएस्सी कोणतीही पदवी चालते. पण एक अट बघावी लागते आणि निम्मे लोक तिथंच अडकतात: बारावीला किंवा पदवीला गणित. पूर्वी ते सक्तीचं होतं, एआयसीटीईच्या नव्या नियमांत 'असल्यास बरं' असं आहे, म्हणून यंदाच्या माहितीपुस्तिकेत काय म्हटलंय ते बघा. त्याबरोबर पदवीला किमान ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गाला ४५.

तर फोन करण्याआधी पेटीतून बारावीची मार्कशीट काढा. बारावी विज्ञानाला फक्त जीवशास्त्राचा गट घेतलेल्यांची आणि कला शाखेत गणित न घेतलेल्यांची इथं अडचण होऊ शकते. वाणिज्यवाल्यांनी बारावीचं गणित किंवा पदवीला असलेलं गणित-संख्याशास्त्र धरलं जातं का, हे माहितीपुस्तिकेत वाचून आणि प्रवेश सुविधा केंद्रात विचारून घ्यावं. तोंडी 'चालते ना, चालते' यावर विसंबू नये. गणित कुठेच नसेल आणि ते सक्तीचं असेल, तरी रस्ता बंद होत नाही, लांब पडतो: एमसीएम किंवा पदविका, जिथं बहुतेक ठिकाणी कुठलाही पदवीधर चालतो.

गणित आहे, पण संगणकाची पदवी नाही, अशांना 'ब्रिज कोर्स' करावा लागतो. म्हणजे मुख्य अभ्यासाच्या जोडीनं पूर्ण करायचे जादा विषय: साधारणपणे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख आणि माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती. हाच तो मूर्तिजापूरचा फलाट. बीसीए झालेला पोरगा आधीच रुंद गाडीत बसून आलेला असतो, तुम्ही ट्रंक घेऊन धावत असता. पहिल्या सहामाहीत दम लागतो तो यामुळे, बुद्धी कमी असल्यामुळे नाही. ब्रिज कोर्सला 'नुसता पास व्हायचा पेपर' समजणारे पुढच्या तिन्ही सहामाह्या लंगडतात. मीही तसंच समजले होते.

प्रवेश कसा होतो?

नियमित कॉलेजसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एमसीए-सीईटी द्यावी लागते. गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची प्राथमिक माहिती असे तिचे भाग असतात. अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षा मार्चच्या सुमारास. मग पावसाळ्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे ऑनलाइन पसंतीक्रम भरून गुणांप्रमाणे जागा मिळण्याच्या फेऱ्या. तिला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात. बहुतेक लोक मला जूनमध्ये फोन करतात, आणि तेव्हा सीईटी होऊन गेलेली असते. वर्ष गेलं.

ज्यांचं पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र होतं आणि गुण चांगले आहेत, त्यांनी निमसेट नावाची राष्ट्रीय पातळीची परीक्षाही बघावी. तिच्यातून काही एनआयटींमध्ये, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण संस्थांमध्ये, एमसीएला प्रवेश मिळतो आणि रायपूरची एनआयटी त्यात आहे. गोंदियाच्या पोराला पुण्यापेक्षा रायपूर कितीतरी जवळ.

कागदांचं आधीच सांगते. राखीव जागेसाठी जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि मधली वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला महिने लागतात. सीईटीचा अर्ज भरायच्या आधी तिचा अर्ज पडताळणी समितीकडे गेलेला असला पाहिजे.

दोन वर्षांत शिकवतात काय?

लोकांना वाटतं, कोडिंग. कोडिंग तर आहेच: सी, जावा, पायथन. पण ती नुसती भाषा झाली. इंग्रजी आलं म्हणून कोणी वकील होत नाही. एमसीएचा गाभा दुसरीकडे आहे आणि तो मला शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरमुळे समजला.

शाळेत एखादे आजोबा यायचे. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्यांना स्वतःच्या टीसीची नक्कल हवी असायची. दाखल क्रमांक माहीत असेल तर काम सोपं: रजिस्टर मधोमध उघडायचं, हवा तो क्रमांक पुढे आहे की मागे बघायचं, अर्धं रजिस्टर सोडून द्यायचं, उरलेलं पुन्हा मधोमध उघडायचं. अशा रीतीनं एक हजार नोंदींत जास्तीत जास्त दहादा बघावं लागतं. गंमत पुढे आहे. नोंदी एक लाख झाल्या तर? हजारदा नाही. सतरादा. पण आजोबांना फक्त नावच आठवत असेल तर एकेक पान उलटत बसा, कारण रजिस्टर क्रमांकानं लावलंय, नावानं नाही. मग आमच्या लिपिक काकांनी काय केलं होतं? मागच्या पानांवर आडनावांची यादी करून पुढे दाखल क्रमांक लिहून ठेवले होते. संगणकवाले याला इंडेक्स म्हणतात. काकांना तो शब्द माहीत नव्हता, पण त्यांची आडनावांची यादी इंडेक्सच होती.

माहिती कशी रचली म्हणजे ती लवकर सापडेल, आणि सापडायला किती पावलं लागतील याचा हिशोब, हे दोन विषय एमसीएचा कणा आहेत. नाव 'डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम'. मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात.

दुसरा मोठा विषय डेटाबेस. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना पोराचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँक पासबुकावर तिसरं, आणि पैसे अडकलेले, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. रोग काय? एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन जणांनी लिहिली. डेटाबेसचा पहिला धडा असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा आणि बाकी सगळ्यांना तिकडे बोट दाखवू द्या. याचे रीतसर नियम आहेत, ते आम्ही सहा महिने घोकले. वर्गातल्या बावीस वर्षांच्या पोरांना ते नियम पाठ होते. मला त्यांचं कारण माहीत होतं, कारण त्या अडकलेल्या शिष्यवृत्त्यांसाठी तहसील, बँक, आधार केंद्र अशा चकरा मी मारलेल्या होत्या.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे जिनिंगच्या फाटकावरचा मुकादम. काटा एक, कापसाच्या गाड्या चाळीस. कोणाला आधी, कोणाला नंतर, कोणी किती वेळ काटा अडवायचा, आणि दोन गाड्या एकमेकींची वाट अडवून बसल्या तर काय करायचं, हे सगळं तो ठरवतो. नेटवर्किंगचं असं, की मोठं बिऱ्हाड एका एसटीत मावत नाही, म्हणून पोत्यांवर क्रमांक टाकून ती वेगवेगळ्या गाड्यांनी अमरावतीला पाठवायची. तिकडचा माणूस पोती मोजतो, सात नंबरचं आलं नाही असं कळवतो आणि तुम्ही सात नंबर पुन्हा पाठवता. मोबाईलवरचा प्रत्येक व्हिडिओ अशाच क्रमांकाच्या पोत्यांनी येतो.

बाकी डिस्क्रीट गणित, संख्याशास्त्र, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. गणित जड जातं, त्याला उपमा नाही. शेवटच्या सहामाहीत प्रकल्प. हा प्रकल्प मेनरोडवरच्या दुकानातून तयार विकत मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो विकत घेतलेला माणूस मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ओळखू येतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

नियमित, दूरस्थ की ऑनलाइन?

घर सोडणं जमत असेल, वय पंचविशीच्या आत-बाहेर असेल, तर नियमित. अभ्यासापेक्षाही कॅम्पस मुलाखतींसाठी. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात लहान-मोठ्या कंपन्या आहेत. त्या कॉलेजच्या दारात येतात त्या नियमित विद्यार्थ्यांसाठी.

लेकरं, वावर, म्हातारे आई-बाप, चालू नोकरी असेल तर दूरस्थ किंवा ऑनलाइन. १९८५ मध्ये स्थापन झालेलं इग्नू हे मुक्त विद्यापीठ हेच काम करतं आणि त्याचं विभागीय केंद्र नागपूरला आहे. सध्याच्या दोन वर्षांच्या एमसीएचा एकूण खर्च पन्नास हजारांच्या आसपास येतो, आणि कोर्स चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. ज्या वर्षी बोंडअळीनं किंवा पावसानं घर बुडवलं, त्या वर्षी दोन पेपर कमी द्यायची मुभा ही फार मोठी गोष्ट आहे. परीक्षा जून आणि डिसेंबरात. म्हणजे एक पेरणीच्या तोंडावर, दुसरी वेचणीच्या ऐन भरात. दिल्लीत बसून वेळापत्रक करणाऱ्याला कापूस कधी फुटतो याच्याशी काय देणंघेणं! प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची असते, ती घरबसल्या होत नाही. माझ्या वेळी अभ्यास केंद्रावर तीन शनिवार-रविवार जाऊन कुलूप बघून परत आले. एसटीचं तिकीट तेवढं जमा झालं.

'दूरस्थ पदवीला किंमत नाही' हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. कायद्यानं पाहिलं तर विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धराव्यात. खासगी कंपनीच्या टेबलावर मात्र ही बरोबरी आपोआप मिळत नाही, कामानं मिळवावी लागते. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तोच कोर्स आणि तेच वर्ष आहे का, हे तिन्ही तपासायचं. 'घरबसल्या बीई' असा फलक कुठे दिसला तर पुढे निघून जा. पत्रव्यवहारानं इंजिनिअरिंगची पदवी सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही, २०१७ चा निकाल आहे.

मग पदवी कशाला? यूट्यूबवर सगळं फुकट आहे की

आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पायथन, जावा, सी हे मराठीतून ऐकत शिकता येतं, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. मी निम्म्याहून जास्त तिथंच शिकले.

पण पदवी म्हणजे सातबारा. सातबारा नावावर असला म्हणून कापूस उगवत नाही. तरी बँकेत कर्जाला, पीक विम्याला, अनुदानाला गेलात की पहिला प्रश्न 'सातबारा आणला का?' बिनसातबाऱ्याचा शेतकरी कितीही पिकवो, कागदोपत्री तो शेतकरी नाही. कंपनीचा एचआर हजार अर्ज चाळताना आधी पदवीचा रकाना बघतो, काम नंतर. बीएच्या पदवीवर तुमचा अर्ज उघडलाच जात नाही, एमसीएवर निदान उघडला जातो. त्यानंतर वावरात काय पेरलं ते दाखवावं लागतं.

सरकारी दारंही या सातबाऱ्यावर उघडतात. बँकांच्या आयटी अधिकारी पदाला एमसीए चालतं, पण वयोमर्यादा ३० आहे, राखीव प्रवर्गाला सवलत. ५५ टक्के असतील तर संगणक विषयात नेट ही पात्रता परीक्षा देऊन सहायक प्राध्यापक होता येतं. मात्र आधीच विनाअनुदानित शाळेतून कंटाळून आलेल्या माणसानं तासिका तत्त्वावरच्या कॉलेजात जाऊन बसणं म्हणजे मूर्तिजापूरला उतरून परत शकुंतलेतच चढणं.

वयाचं काय? इंग्रजीचं काय?

एमसीएच्या प्रवेशाला वयाची अट नाही. नोकरीच्या दारात आहे, लिहून नसली तरी. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत दोन गोष्टी नेहमी आडव्या येतात: दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के, आणि शिक्षणात मोठा खंड नको. बारावीचे ५४ टक्के आता बदलता येत नाहीत, त्यावर रडण्यात अर्थ नाही. अशांना लहान आणि मध्यम कंपन्या, ओळखीतून मिळालेलं काम, सहा महिन्यांची इंटर्नशिप या वाटा राहतात. मला पहिली नोकरी अशीच मिळाली, एकोणतिसाव्या अर्जाला.

इंग्रजीचं भय निम्मं खरं आहे. पुस्तकं, त्रुटींचे संदेश, दस्तऐवज सगळं इंग्रजीत. पण ते इंग्रजी कथा-कादंबरीचं नाही, खताच्या पोत्यावरच्या सूचनांसारखं ठरावीक शब्दांचं आहे. तीन-चार महिन्यांत ते डोळ्याखालून जातं. बोलायला जास्त वेळ लागतो. पुण्याच्या साहेबाशी रोज सकाळच्या बैठकीत बोलताना मला वर्षभर घाम फुटायचा, हे कबूल.

गावातल्या प्रश्नांना उत्तर नसतं. "पोट्टी दहावीत गेली अन् माय शाळेत चालली काय वं?" असं विचारणाऱ्या काकूंना मी चहा पाजला.

पैशाचा खरा हिशोब

फी सगळे विचारतात, गेलेली कमाई कोणी विचारत नाही. समजा तुम्ही महिन्याला १२ हजार मिळवता आणि नियमित कोर्ससाठी ते सोडता. दोन वर्षांत २ लाख ८८ हजार तिथंच गेले. त्यावर नागपूरची खोली आणि डबा, महिन्याला ८ हजार धरले तर १ लाख ९२ हजार. म्हणजे फीचा एक रुपया न मोजता पावणेपाच लाखांच्या वर.

आता दुसऱ्या बाजूला मदत. केंद्रीभूत प्रक्रियेतून नियमित प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळू शकतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ते लागू नाही, आणि वसतिगृह-मेस त्यात नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबरावांच्या, अमरावती जिल्ह्यातल्याच पोरांना तो माहीत नसतो, याचं वाईट वाटतं. हे सगळं महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर. दूरस्थ कोर्सवाल्यांनी यातलं काही धरून चालू नये.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसते. प्रवेशाच्या फेऱ्या येतात जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घरातला शेवटचा रुपया बियाण्या-खताच्या रूपानं जमिनीत असतो. कापसाचा पैसा दिवाळीनंतर, शिष्यवृत्तीचा त्याहून उशिरा. मधल्या चार-पाच महिन्यांत सावकाराकडे जायची वेळ येते. म्हणून मागच्या हंगामातून पहिल्या हप्त्याचे पैसे बाजूला निघत नसतील तर एक वर्ष थांबा. शैक्षणिक कर्ज असेल तर चार लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, हे शाखा व्यवस्थापकाला नम्रपणे आठवण करून द्यायला तयार राहा.

परतावा? मोठ्या सेवा कंपन्यांचं नव्या मुलांसाठीचं पॅकेज बरीच वर्षं वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपास अडकून पडलंय. हातात येतात महिन्याला पंचवीस हजारांच्या आगेमागे, लहान कंपनीत त्याहून कमी. पुण्यात त्यातून खोली-भाडं गेल्यावर काय उरतं ते सांगायला नको. फायदा दिसतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पहिल्याच वर्षी घर सावरेल अशा आशेनं येणाऱ्यानं येऊ नये, असं मी सरळ सांगते, मग ऐकणाऱ्याचं तोंड पडलं तरी.

पण एआय आलं ना आता?

आलं. आणि नव्या पोरांना जे सोपं कोड लिहायला बसवत होते, तेच काम ते पहिलं करतं. हे लपवून 'घाबरू नका' म्हणणारे बहुधा क्लास चालवणारे असतात.

सोयाबीनमध्ये हार्वेस्टर आलं तेव्हा काय झालं आठवा. कापणीची मजुरी कमी झाली, ती परत आली नाही. पण शेंगा ओल्या आहेत की वाळल्या, आज यंत्र घालायचं की दोन दिवस थांबायचं, हे यंत्राला कळत नाही. चुकीच्या दिवशी घातलं तर दाणा फुटतो, आणि यंत्र तोही तितक्याच उत्साहानं फोडतं. एआयनं लिहिलेल्या कोडचं असंच आहे. ते दिसतं छान. चुकलंय कुठे हे कळायला ज्याच्यासाठी ते लिहिलंय तो धंदा कळावा लागतो.

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच मोबाईलवर पिकाची नोंद करायची. शहरातल्या संगणकावर ॲप ठीक चालतं. वावरात उभं राहिलं की रेंज नाही, फोन एकच आणि तो पोराच्या हातात, तूर आणि कापूस एकाच तासात, म्हणजे ओळीत, आलटून पालटून, आणि बांधावर चार भावांची भांडणं. अशा ॲपनं रेंज नसताना नोंद फोनमध्येच धरून ठेवावी, गावात आल्यावर पाठवावी, आंतरपीक म्हणजे काय ते समजून घ्यावं, हे कोण सांगणार? ज्यानं पाहणी केली आहे तो. शेती, शाळा, सहकारी बँक, दवाखाना, तहसील, यातल्या कुठल्याही एका ठिकाणी तुम्ही दहा वर्षं काढली असतील तर त्या क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरची तपासणी, गरजांची मांडणी, ग्राहकाला मदत ही कामं शोधा. नुसत्या कोडिंगच्या शर्यतीत बावीस वर्षांचं पोरगं तुम्हाला मागे टाकणारच आहे. मी ज्या कंपनीत आहे ती शाळांसाठी सॉफ्टवेअर करते. तिथं मला घेतलं ते जावा चांगलं येतं म्हणून नाही. मुलाखतीत त्यांचा टीसीचा फॉर्म बघून मी म्हटलं होतं, "यात 'शाळा सोडल्याचं कारण' सक्तीचं केलंय, पण ऊसतोडीला गेलेल्या पोरांसाठी पर्यायच नाही."

फॉर्म भरण्याआधी

चाळीस संध्याकाळी द्या. मराठी स्पोकन ट्युटोरियलवरून पायथन घ्या, जुना लॅपटॉप उसना आणा, आणि स्वतःच्या घरातला एखादा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहा. मी कापसाच्या पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, लिहिला होता. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव. २१४० वजा १२६०, झाले ८८० किलो. भाव ७००० घातला. पडद्यावर आले ६१ लाख ६० हजार.

मामाजी बाजेवरून वाकून बघत होते. म्हणाले, "एवढ्यात तं नागपूरले बंगला येते वं."

भाव क्विंटलचा आणि वजन किलोत. शंभरानं भागायचं राहिलं होतं, ते सापडायला मला दोन तास लागले, मध्ये एकदा लाइन गेली. साडेदहाला आकडा बरोबर आला: ६१ हजार ६००. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"अन् यात कडता धरला का?"

कडता, म्हणजे व्यापारी वजनातून कापतो ती घट, धरला नव्हता. पुन्हा लॅपटॉप उघडला.